दूरचा हात, जवळचे नाक

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण सारेच लहानपणी शिकलो. संगणकाच्या जगात मात्र गेल्या पंचवीस वर्षांत हा डोंगर दुरूनच चढता-उतरता येऊ लागला आहे. पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेला माणूस सोनागिरीतल्या कुलूपबंद खोलीतला संगणक बंद करतो, चालू करतो, त्यातली बिघडलेली प्रणाली पुसून नवी घालतो, आणि खोलीचे दार कोणी उघडतही नाही. हे कसे घडते ते विद्यार्थ्यांना कळावे, आणि त्याच ओघात एक विनंती विश्वस्त मंडळापुढे ठेवावी, अशा दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहोत.

विनंतीचे कारण आधी सांगितलेले बरे. शाळेची संगणक-व्यवस्था यंदा नव्याने उभी करायची आहे. चर्चेत असलेल्या प्रस्तावात दोन गोष्टी आहेत. पहिली, सर्व सर्व्हरची देखभाल करारावर, दुरून व्हावी. दुसरी, देखभाल दुरूनच होणार असेल तर रात्रपाळीच्या चौकीदाराची जागा ठेवू नये, त्याऐवजी कॅमेरा बसवावा. पहिल्या गोष्टीला आमचा मनापासून पाठिंबा आहे. दुसरीबद्दल आमचा जो अनुभव आहे तो सर्वांच्या कानावर घालणे आम्हाला आवश्यक वाटते. ‘आम्ही’ म्हणजे शाळेच्या संगणक खोलीची हौसेने निगा राखणारे चार-पाच पालक. आमच्यापैकी काही भेलमधून निवृत्त झाले आहेत, काहींची आता नातवंडे शाळेत येतात.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा देणारा संगणक. फीचा हिशेब, गुणपत्रके, ग्रंथालयाच्या नोंदी त्याच्यात असतात आणि बाकीचे संगणक त्याच्याकडे त्या मागतात. त्याच्यासमोर रोज कोणी बसत नाही, म्हणून त्याला स्वतःचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस लागत नाही. पण काही बिघडले की समोर बसावेच लागते. दहा सर्व्हर असतील तर दहा मॉनिटर मांडायचे कुठे? यावर तोडगा म्हणून एक पेटी निघाली. तिच्या एका बाजूला एकच मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माऊस. दुसऱ्या बाजूला आठ, सोळा किंवा बत्तीस संगणकांच्या वायरी. बटण दाबले की हवा तो संगणक समोर येतो. रेल्वेचा सांधेवाला जसा एकाच गाडीला हव्या त्या रुळावर घालतो, तसे हे काम. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पेटीला केव्हीएम स्विच म्हणतात. (लिनक्समध्ये २००७ पासून केव्हीएम नावाचीच आणखी एक गोष्ट आहे. ती एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवण्यासाठी असते. तिचा या पेटीशी संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.)

या साध्या पेटीची मर्यादा तिच्या वायरीइतकी होती. माणूस त्याच खोलीत, फार तर शेजारच्या खोलीत बसू शकत असे. २००० सालच्या आसपास तिच्यात नेटवर्कची सोय आली आणि सगळे चित्रच पालटले. अमेरिकेतल्या एपेक्स आणि सायबेक्स या दोन कंपन्या २००० साली एकत्र येऊन झालेली अ‍ॅव्होसेंट, तिकडचीच रॅरिटन, तैवानची एटेन अशा कंपन्यांनी अशा पेट्या बाजारात आणल्या. यांना केव्हीएम ओव्हर आयपी म्हणतात. सर्व्हरच्या मॉनिटरच्या खाचेतून निघणारे चित्र ही पेटी पकडते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते, दाबून लहान करते आणि नेटवर्कवरून पाठवते. सगळे चित्र पुन्हापुन्हा पाठवण्याऐवजी जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवण्याची युक्ती वापरली जाते, म्हणून मंद लाइनवरही काम भागते. उलट बाजूने, दूरच्या माणसाने दाबलेली कळ आणि हलवलेला माऊस पेटीकडे येतो आणि पेटी तो सर्व्हरला अशा रीतीने देते, की जणू समोरच कोणी बसले आहे. सर्व्हरला फरक कळतच नाही.

सर्व्हरला फरक कळत नाही, यातच या पेटीची खरी किंमत आहे. दुसऱ्याचा संगणक दुरून वापरण्याचे प्रोग्राम आज घरोघरी वापरतात. पण असा प्रोग्राम त्या संगणकाच्या आतच चालत असतो. संगणक जागा असेल तरच तो उत्तर देणार. झोपलेल्या माणसाला फोन लावून उठवावे तसे ते आहे; त्याने फोन उचललाच नाही तर काय करायचे? केव्हीएम म्हणजे उशाशी उभे राहून हलवणे. यंत्र सुरू होतानाची पहिली काळी पाटी, विंडोज कोसळल्यावर दिसणारा निळा पडदा, डिस्क सापडत नसल्याची तक्रार, हे सारे दूरच्या माणसाला दिसते आणि तिथूनच त्यावर उपाय करता येतो. पुढच्या काळातल्या पेट्यांत तर आपल्याकडची सीडी दूरच्या यंत्रात ‘घातल्याचा’ आभासही निर्माण करता येऊ लागला.

आमच्या शाळेत ही पेटी २००७ साली आली. एका कार्यालयाने मोडीत काढलेली आठ खाचांची पेटी आम्ही मिळवली. शाळेत तेव्हा तीन सर्व्हर होते. सर्व्हर म्हणजे तरी काय, जरा बऱ्यापैकी साधे संगणकच. त्यांना आम्ही कार्यालय, निकाल आणि ग्रंथालय अशी नावे दिली होती. त्यांची खरी देखभाल करत असे शाळेचाच एक माजी विद्यार्थी, आणि त्याला पुण्यात नोकरी लागली होती. तो इथे असेपर्यंत प्रश्न नव्हता. तो गेल्यावर मात्र प्रश्न उभा राहिला, आणि तो किती मामुली गोष्टीमुळे, हे ऐकून मुलांना हसू येईल.

भोपाळचा मे-जूनचा वळीव सर्वांना ठाऊक आहे. वीज जाते, येते, पुन्हा जाते. वीज आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हायचे. त्यांतला ‘निकाल’ मात्र पहिल्या पायरीवरच अडून बसायचा आणि पडद्यावर लिहायचा: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. ज्याला कीबोर्डच जोडलेला नाही त्याने कीबोर्डवरची कळ दाबण्याची मागणी करावी, हा विनोद जगभरच्या संगणकवाल्यांना परिचित आहे. ही अट काढून टाकण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. आमच्या जुन्या यंत्रात ती चालत नव्हती. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भर उन्हात आमच्यापैकी कोणीतरी स्कूटर काढायची, चौकीदाराकडून खोली उघडून घ्यायची, कीबोर्ड जोडायचा, एक कळ दाबायची आणि परत यायचे. एका कळीसाठी तासाभराची फेरी.

पेटी आली आणि त्या फेऱ्या थांबल्या. पेटी प्रत्येक सर्व्हरला ‘कीबोर्ड आहे’ असे सतत भासवत राहते, त्यामुळे ‘निकाल’चे अडून बसणेच बंद झाले. बाकीचे काम पुण्यातून होऊ लागले. सुरुवातीला माऊसची मोठी गंमत व्हायची. पडद्यावर दोन बाण दिसायचे, एक पुण्यातला आणि एक सोनागिरीतला, आणि दुसरा पहिल्याच्या मागून लंगडत यायचा. माऊस जोरात हलवला तर बाणाने जास्त लांब पळावे अशी जी सोय विंडोजमध्ये असते, ती बंद केल्यावर दोघे एकत्र चालू लागले.

पेटी बसवतानाच काही नियम ठरले, ते आजही उपयोगी आहेत. पहिला नियम असा, की दुरून यायची वाट ही यंत्राच्या रोजच्या वाटेपेक्षा वेगळी असावी. शाळेचे नेटवर्क बंद पडले की ते दुरुस्त करायला पेटी हवी. आणि पेटी त्याच नेटवर्कवर असेल तर तीही त्याच वेळी बंद. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ त्याच बादलीत ठेवण्यासारखे ते झाले. म्हणून पेटीसाठी आम्ही वेगळे ब्रॉडबँड कनेक्शन आणि वेगळा छोटा यूपीएस घेतला. दुसरा नियम पाट्यांचा. पेटीच्या पडद्यावर सर्व्हरची नावे इंग्रजी अक्षरांतच लिहिता येत होती. खोलीत मात्र प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांवर आणि प्रत्येक प्लगवर देवनागरीत पाटी लावली, कारण फोनवर पुण्याहून ‘निकालचा प्लग’ म्हटले तर तो ज्याला शोधायचा होता, त्या चौकीदार दादांना इंग्रजी येत नव्हते, देवनागरी वाचता येत होती. तिसरा नियम म्हणजे दर महिन्याला एकदा, काहीही बिघडलेले नसताना, पुण्याहून आत शिरून बघायचे. संकटकाळचे दार वर्षानुवर्षे उघडलेच नाही तर ऐन वेळी त्याची कडी गंजलेली सापडते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००९ च्या एप्रिलची गोष्ट. ३० एप्रिलला वार्षिक निकाल लागायचा होता. त्याआधी दोन-तीन दिवस ‘निकाल’च्या डिस्कवर चुकांच्या सूचना येऊ लागल्या. रात्री दहाच्या सुमारास आमच्या माजी विद्यार्थ्याने पुण्याहून आत शिरून सगळी गुणपत्रके दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. बाहेर वारा सुटला होता, दिवे मंद-तेज होत होते. पुण्यातल्या पडद्यावर मात्र सारे ठीक होते. काम साठ टक्क्यांच्या पुढे गेले होते.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. चौकीदार दादांचा फोन.

“भैया, कमरे से जलने की बास आ रही है.”

त्याने पडद्याकडे पाहिले. कुठेही चूक दिसत नव्हती. यंत्राचे तापमानही नेहमीचेच. तो म्हणाला, “दादा, बस पाँच मिनिट रुक जाओ. रिजल्ट का काम है, पूरा होने को है.”

“नहीं भैया, बंद कर रहा हूँ.”

फोन बंद झाला. थोड्याच वेळात पुण्यातला पडदा काळा झाला आणि त्यावर एकच ओळ उरली: सिग्नल नाही. पेटीचा यूपीएस वेगळा असल्याने पेटी जिवंत होती, सर्व्हर मात्र गेला होता. त्याने लगेच आम्हाला फोन केला. आम्ही पोहोचलो तेव्हा दादा वाळूची बादली घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी आधी बाहेरचा मेन स्विच खाली केला होता, मग आत जाऊन मोठ्या यूपीएसचे बटण बंद केले होते. यूपीएसची बॅटरी फुगली होती आणि तिच्यामागची प्लायवूडची फळी हातभर काळी पडली होती. त्या फळीच्या पलीकडे ग्रंथालय आहे. ज्या पालकांनी तिथली कपाटे पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. पिढ्यान् पिढ्यांनी जमवलेली मराठी पुस्तके त्यात आहेत, आणि त्यांतली कित्येक आता कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत.

‘निकाल’ची प्रत अर्धवट राहिली. आदल्या संध्याकाळपर्यंतची प्रत वेगळी होती, पण त्या दिवशी भरलेले दोन वर्गांचे गुण गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षिका बाईंनी वह्यांवरून ते पुन्हा भरले आणि ३० तारखेचा निकाल ३० तारखेलाच लागला.

नंतरच्या बैठकीत या प्रसंगावर बरीच चर्चा झाली. एक मत असे पडले, की चौकीदाराने तंत्रज्ञाचे ऐकायला हवे होते. गुणपत्रकांसारखी गोष्ट चौकीदाराच्या मर्जीवर कशी सोडायची? दुसरे मत असे, की पुण्यात बसलेल्या माणसाला वास येत नाही. पुण्यातल्या त्या मुलाचाही दोष नव्हता. त्याला जे दिसत होते त्यावरून त्याचे म्हणणे बरोबरच होते. पडदा त्याला सर्व्हरची हकीकत सांगत होता, आणि सर्व्हरला काहीच झाले नव्हते. शेजारच्या यूपीएसला काय होते आहे, हे सर्व्हरला माहीतच नव्हते.

वाद मिटवला तो भेलमध्ये तीस वर्षे काढलेल्या आमच्यातल्या एका गृहस्थांनी. पिपलानी, इंद्रपुरी, सोनागिरी या वस्त्यांत अशी माणसे घरोघर आहेत. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ज्या कारखान्याचे उद्घाटन झाले, त्या कारखान्याने या वस्त्यांना रोजगाराबरोबर एक शिस्तही दिली. ते म्हणाले, “मोठ्या मोटरीच्या पॅनेलवर एक चावी असते. तिच्या एका बाजूला ‘लोकल’ लिहिलेले असते, दुसऱ्या बाजूला ‘रिमोट’. चावी ‘लोकल’वर असली की दूरच्या कंट्रोल रूममधून कितीही बटणे दाबा, मोटर सुरू होत नाही. कारण मोटरीजवळ कोणाचा तरी हात आत असू शकतो. आणि थांबवायचे लाल बटण? ते मोटरीच्या शेजारीच असते, आणि ते कोणालाही दाबता येते. तिथे हुद्दा विचारत नाहीत.” बैठकीत एकदम शांतता पसरली. मग ठराव झाला: सुरू करण्याचा निर्णय दूरचा आणि जवळचा माणूस मिळून घेतील, थांबवण्याचा अधिकार जवळच्याचा. तो त्याने वापरला तर त्याला जाब विचारला जाणार नाही.

हा ठराव फक्त आमच्यासारख्या छोट्या शाळेचा आहे असे कोणी समजू नये. जिथे जवळ माणूस असूच शकत नाही तिथे काय करावे लागते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सोनागिरीपासून फार लांब नसलेल्या अयोध्यानगरात २००५ पासून इस्रोचे उपग्रह-नियंत्रण केंद्र आहे. असे पहिले केंद्र कर्नाटकात हासन येथे १९८२ साली सुरू झाले, भोपाळचे दुसरे. दूरदर्शन, हवामान, दळणवळण यांसाठी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आपल्या उपग्रहांवर ही दोन केंद्रे लक्ष ठेवतात आणि त्यांना आज्ञा पाठवतात. तिथे ना चौकीदार, ना मेन स्विच, ना वाळूची बादली. भारताचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये अवकाशात गेला आणि दिशा सांभाळण्याचे इंधन संपल्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निकामी झाला. त्याला वाचवायला वर कोणी जाऊ शकत नव्हते. म्हणूनच उपग्रहात महत्त्वाचे भाग दुहेरी ठेवतात, आणि काही बिनसले तर त्याने स्वतःच सुरक्षित स्थितीत जाऊन आज्ञेची वाट पाहावी अशी तजवीज आधीच करतात. जवळच्या माणसाची उणीव भरून काढायला केवढा खर्च आणि केवढी दूरदृष्टी लागते ते यावरून दिसते. आपल्याला तो माणूस एका चौकीदाराच्या पगारात मिळतो.

उलट बाजूही पाहू. ४ ऑक्टोबर २०२१ च्या सोमवारी रात्री नऊच्या पुढे आपल्या सर्वांचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले होते, ते अनेकांना आठवत असेल. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही सुमारे सहा तास बंद होते. कंपनीने नंतर सांगितले की देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने तिच्या केंद्रांमधले दुवेच तुटले. दुरुस्तीसाठी राखलेली वेगळी वाटही त्या वेळी चालेना. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष त्या इमारतींमध्ये पाठवावे लागले, आणि त्या इमारतींची सुरक्षा इतकी कडक, की आत शिरून काम सुरू करायलाच वेळ गेला. जगातल्या बलाढ्य कंपनीलाही शेवटी खोलीपर्यंत चालत जाणारा माणूस लागला.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. हा आकडा मायक्रोसॉफ्टने दिलेला आहे. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती यंत्रे पुरती जागी होण्याआधीच पुन्हा कोसळत होती. त्यामुळे त्यांच्या आत चालणारे प्रोग्राम कुचकामी ठरले. उपाय तसा सोपा होता: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल पुसायची. पण बहुतेक ठिकाणी तो प्रत्येक यंत्रासमोर बसून करावा लागला. ज्यांच्या सर्व्हरला केव्हीएमची पेटी जोडलेली होती, किंवा तशी सोय यंत्रातच बसवलेली होती, त्यांना ते बसल्या जागेवरून करता आले. म्हणजे दूरचा हातही हवाच. आमचा त्याला विरोध नाही, हे पुन्हा सांगतो.

आजच्या सर्व्हरमध्ये ही सोय बहुधा अंगचीच असते. मुख्य बोर्डावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत तो जागा राहतो आणि पडदा, कीबोर्ड, चालू-बंद हे सारे दुरून देतो. एचपीमध्ये त्याला आयएलओ म्हणतात, डेलमध्ये आयड्रॅक. हौशी मंडळी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकापासून घरच्या घरी केव्हीएम पेटी बनवतात. आठवी-नववीच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग जरूर करावा. वर्गातल्या एका जुन्या संगणकावर तो करता येईल आणि त्यातून चित्र, वीज आणि नेटवर्क या तिन्हींचा अभ्यास होईल.

मात्र ज्याला ही सोय दुरून वापरता येते, तो त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसल्यासारखाच आहे. तो काहीही करू शकतो. २०१३ साली डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञांनी अशा अंगच्या सोयींमधल्या गंभीर त्रुटी जगापुढे मांडल्या. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेली यंत्रे ही नेहमीची दुखरी जागा. म्हणून हे दार इंटरनेटवर उघडे कधीच ठेवू नये. ते व्हीपीएनसारख्या दुसऱ्या दारामागे असावे. आणि पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात नसावा. आमचा माजी विद्यार्थी परदेशी गेला तेव्हा त्याने सगळे पासवर्ड बंद पाकिटात घालून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही ते बदलले. यात अविश्वास नव्हता. चांगला किल्लेदारही जाताना किल्ल्या मोजून देतो आणि नवा मोजून घेतो.

सुज्ञ विश्वस्तांना आमची विनंती अशी. नवी व्यवस्था जरूर घ्यावी, दुरून देखभालीचा करार जरूर करावा. त्या करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दुरून यायची वाट शाळेच्या रोजच्या नेटवर्कपासून वेगळी असेल, ती दर महिन्याला तपासली जाईल, पासवर्डची एक प्रत शाळेच्या तिजोरीत राहील. आणि रात्रपाळीचा चौकीदार ठेवावा. कॅमेरा धूर दाखवेल, पण धूर दिसण्याआधी वास येतो. शिवाय कॅमेऱ्याला मेन स्विच खाली करता येत नाही. धुराची सूचना देणारी घंटा बसवावी, तीही हवीच. पण ती वाजल्यावर धावणारा कोणीतरी आवारात असला पाहिजे. चौकीदाराला वर्षातून एकदा खोली दाखवावी, कोणते बटण कशाचे ते सांगावे, आग विझवण्याचे साधन हाताळायला शिकवावे, आणि २००९ चा तो ठराव त्याला वाचून दाखवावा. आपल्याला हा अधिकार आहे हे ज्याला माहीत नाही, तो ऐन वेळी पाच मिनिटे थांबेल.

पालकांनाही एक शब्द. आपली बरीच मुले आज पुण्यात, बंगळुरात, परदेशात अशीच कामे करतात. रात्री दोन वाजता उठून ती कुठल्यातरी खोलीतले यंत्र जागे करतात, आणि त्या खोलीत बहुधा त्यांनी कधी पाऊलही टाकलेले नसते. त्यांच्या कामाचा आपल्याला अभिमान वाटावा. पण त्यांना हेही विचारावे, की त्या खोलीच्या चौकीदाराचा फोन नंबर तुझ्याकडे आहे का? आमच्या त्या माजी विद्यार्थ्याने २००९ नंतर हाताळलेल्या प्रत्येक खोलीच्या बाबतीत सर्वांत आधी तेच विचारले, असे त्याने आम्हाला कळवले आहे.

चौकीदार दादा काही वर्षांपूर्वी निवृत्त होऊन गावी गेले. खोलीतल्या त्यांच्या वेळच्या पाट्यांपैकी ग्रंथालयाच्या प्लगवरची पाटी अजून टिकून आहे. शाई पुसट झाली आहे, पण वाचता येते. नवी यंत्रे येतील तेव्हा त्यांच्या पाट्या आठवीच्या मुलांनी लिहाव्यात, असे आम्ही सुचवतो. अक्षर मोठे आणि सुवाच्य काढावे, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडातही चटकन वाचता येईल.